खालून दुसरे

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे वाक्य परभणीच्या पोराच्या कानावर बारशाच्या घुगऱ्यांबरोबरच पडतं. त्यामुळे फुटबॉलच्या विश्वचषकात आम्ही कोणाकडून, हा प्रश्नच येत नाही. जर्मनी जिंकली की अर्धा कप आपल्याकडे आल्यात जमा. पण विश्वचषक चार वर्षांतून एकदा. मधली वर्षं काढायला इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला एखादा क्लब धरून ठेवावा लागतो. आमच्या वसमत रोडच्या टपरीवर ही वाटणी झाली तेव्हा धडधाकट क्लब आधीच गेले होते. मँचेस्टर युनायटेड घेणारे तर इतके, की त्यांना बसायला बाकडी पुरेनात. मी ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. कारण एकच, मालक पुण्याचे.

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने, म्हणजे अंडी आणि कोंबड्यांच्या धंद्यातल्या त्या प्रसिद्ध घराण्याने, हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. क्लब काही ऐरागैरा नव्हता. १८७५ सालचा. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या मूळ बारांपैकी एक. १९९४-९५ मध्ये ॲलन शिअररने ३४ गोल करून याच क्लबला प्रीमियर लीग जिंकून दिली होती. अशा जहागिरीवर आपला मराठी मुलखातला माणूस जाऊन बसला, याने माझी छाती फुगली. ही बातमी मी सगळ्यात आधी मामाला सांगितली.

मामाचं पूर्णा तालुक्यात पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे. कंपनी एक दिवसाची पिल्लं आणून टाकते, खाद्य देते, औषध देते. मामाने ती सहा आठवडे सांभाळायची आणि वजनावर पैसे घ्यायचे. उरलेला वेळ मामा मला सांभाळतो.

"कोंबड्यावाल्यानं टीम घेतली?" मामा म्हणाला. "कामून?"

"जाहिरात होते, मामा. जगभर नाव होतं."

"पोरायला कोंबडी खाऊ घालतेत का मग?"

मी हसण्यावारी नेलं. पण पुढे खरंच जाहिरात आली. सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये रोव्हर्सचे खेळाडू एकमेकांकडे टोपली सरकवत चिकन खातायत! मामाने ती दोनदा बघितली आणि मान डोलावली. "आता हे पळतेत कसं, ते बघू."

क्लब घेतल्याला महिना झाला न झाला, तोच नव्या मालकांनी सॅम अलार्डाइस या मुरलेल्या प्रशिक्षकाला नारळ दिला आणि त्याच्या हाताखालच्या स्टीव्ह कीनला गादीवर बसवलं. कीनने तोवर एकही संघ स्वतःच्या हिमतीवर चालवलेला नव्हता. इकडे रोनाल्डिन्होला आणायच्या गोष्टी पेपरात येत होत्या. मामाने एवढंच विचारलं, "पिल्लं तीन हप्त्याची असताना शेडवरचा माणूस बदलत असतेत का?" मी त्याला म्हणालो, हा फुटबॉल आहे, पोल्ट्री नाही. मामा म्हणाला, "मालक तेच हायेत ना?"

इथे जरा ब्लॅकबर्नबद्दल सांगायला हवं, कारण टपरीवर मला सगळ्यांनी विचारलं की परभणीचा आणि त्या गावाचा संबंध काय. संबंध आहे, आणि तो कोंबडीच्या फार आधीचा आहे. ब्लॅकबर्न हे लँकेशायरातलं कापड विणणारं गाव. एका काळी तिथल्या मागांवर हिंदुस्थानात नेसायची धोतरं निघत. कापूस पिकवायचा आपण, धोतर विणायचं त्यांनी, आणि पैसे देऊन ते नेसायचं पुन्हा आपणच. स्वदेशीच्या चळवळीने त्या गिरण्यांना चांगलाच फटका दिला. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेनला जाऊन आले, तर काम गेलेल्या त्या गिरणी कामगारांनीच त्यांचं प्रेमाने स्वागत केलं. आमच्या परभणीत तर महबूब बागेत कापूस संशोधन केंद्रच आहे. म्हणजे कापूस आमचा, धोतर त्यांचं, आता क्लब आपला. हिशोब कसा चुकता झाला! हे सगळं मी टपरीवर ऐकवलं तेव्हा युनायटेडवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "धोतर सांभाळ फक्त."

२०११-१२ चा हंगाम सुरू झाला आणि धोतराचा काष्टा पहिल्याच महिन्यात सुटायला लागला. सप्टेंबरात आर्सेनलला ४-३ हरवलं तेव्हा मी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. (फेब्रुवारीत त्याच आर्सेनलने ७-१ अशी परतफेड केली. त्या दिवशी मी टपरीवर गेलो नाही.) दसऱ्याच्या सुमारास संघ पुण्याला येऊन पुणे एफसीविरुद्ध बालेवाडीत मैत्रीचा सामना खेळून गेला. मला जायचं होतं. मामाने विचारलं, "सोयाबीन काढायला माणूस मिळंना, अन् तू कोंबडीवाल्याची टीम बघायला पुण्याला जायलास?" मी सोयाबीन काढलं. संघ पुण्यात जिंकला. इंग्लंडात परतला आणि पुन्हा हरायला लागला.

तिकडे ब्लॅकबर्नमध्ये लोक खवळले. 'कीन हटाव'चे फलक लागले, सामन्यांनंतर घोषणा सुरू झाल्या. मला मात्र हे सगळं ओळखीचं वाटत होतं. वर्षानुवर्षं माणूस तोच, निकाल तोच, आणि दर वेळी "पुढच्या खेपेला नक्की" हे आश्वासनही तेच. मराठवाड्याच्या माणसाला याची वेगळी तालीम लागत नाही. जिंकणाऱ्या संघाला पाठीराखे कुठेही मिळतात. हरणाऱ्याला मात्र अनुभवी माणूस लागतो, आणि अनुभवाच्या बाबतीत परभणी जिल्हा कोणाला हार जाणार नाही.

आणि मग आली ३१ डिसेंबरची संध्याकाळ. चिकनच्या दुकानांपुढे रांगा, पोरं बाटल्यांच्या खटपटीत, आणि मी भारनियमन मेहेरबान झाल्यामुळे टीव्हीपुढे. रोव्हर्स गुणतक्त्यात तळाला. सामना ओल्ड ट्रॅफर्डवर, मँचेस्टर युनायटेडच्या घरात. त्यात त्यांचे प्रशिक्षक सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचा सत्तरावा वाढदिवस. टपरीवरच्यांनी फोन करून किती गोलांनी हरणार ते आधीच सांगून टाकलं होतं. आमच्या याकुबूने पहिला गोल केला, मग दुसरा. बर्बाटोव्हने दोन्ही फेडले. वाटलं, आता धुतात. ऐंशीव्या मिनिटाला ग्रँट हॅन्ली नावाच्या वीस वर्षांच्या पोराने डोक्याने चेंडू आत ढकलला. ३-२! मी मामाला फोन लावला. तो म्हणाला, "ओरडू नको, शेडात पक्षी बिचकतेत."

तो विजय शेवटी वाया गेला, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

७ मे २०१२ चा विगनविरुद्धचा सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाला. हरलं की प्रीमियर लीगमधून खाली. मामा मुक्कामाला होता, पक्षी आदल्याच दिवशी उचलून नेले होते, त्यामुळे त्याला झोपायची परवानगी होती. पण तो बसला. परभणीतली मे महिन्यातली रात्र. कूलरमधलं पाणी संपलेलं, नळाला पाणी यायला अजून दिवस बाकी. आणि समोर रोव्हर्सच्या घरच्या मैदानात, इवूड पार्कवर, धो धो पाऊस. मामा सामना बघतच नव्हता, पाऊस बघत होता. "किती पडायला रे हा! अन् यायला पाहिजे का नको, तेबी कोणी विचारंना."

सामना सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, तोच मैदानात एक कोंबडी आली. जिवंत. अंगावर रोव्हर्सचा झेंडा गुंडाळलेला. मालकांवरचा राग कोणा पाठीराख्याने अशा रीतीने सोडला होता. जगभरचे समालोचक हसत होते, पुण्याच्या घराण्याची लाज निघत होती, आणि मी डोकं धरून बसलो होतो. मामा मात्र एकदम पुढे सरकला. आख्ख्या हंगामात पहिल्यांदाच त्याच्या विषयातलं काहीतरी मैदानावर आलं होतं.

"पावसात भिजायली ती," तो म्हणाला. "सर्दी धरंल. कोणाला कळना का?"

"मामा, लोक निषेध करायलेत."

"निषेध करा की. पक्ष्याला कामून भिजवता?"

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नरवर विगनच्या अल्काराझने डोक्याने गोल केला. ०-१. रोव्हर्स खाली गेले. हंगामाअखेर ३१ गुण, वीस संघांत एकोणिसावे. खालून दुसरे.

आता वाया न गेलेल्या विजयाबद्दल. विगनच्या सामन्यानंतर सहा दिवसांनी मँचेस्टर सिटीच्या अग्वेरोने भरपाई वेळेत गोल केला आणि सिटीला ४४ वर्षांनी विजेतेपद मिळालं. त्या हंगामाचं नाव काढलं की सगळं जग तो गोल दाखवतं. पण हिशोब बघा. सिटी आणि युनायटेड, दोघांचे गुण सारखेच, ८९. फरक फक्त गोलांचा. युनायटेडला आणखी एक गुण मिळाला असता तर अग्वेरोने शर्ट काढून पळून काहीही उपयोग नव्हता. तो गुण, खरं तर तिन्ही गुण, ३१ डिसेंबरला त्यांच्या घरात जाऊन कोणी काढून आणले? एकोणिसाव्या नंबरने! पहिला कोण येणार हे खालून दुसऱ्याने ठरवलं. हे मी टपरीवर कागदावर मांडून दाखवलं. युनायटेडवाल्यांनी त्याच कागदात भजी बांधून घेतली.

पुढचं थोडक्यात. कीन गेला, मग हेनिंग बर्ग आला आणि ५७ दिवसांत गेला. २०१७ मध्ये क्लब आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या श्रेणीत गेला, वर्षाने वर आला आणि दुसऱ्या श्रेणीत टिकला. टपरीवरच्या पोरांनी दरम्यान दोनदा-तीनदा क्लब बदलले. मी बदलला नाही. बदलून घ्यायला कोणी आलंही नाही.

मामा मात्र मे महिना आला की न चुकता विचारतो. २०२४ मध्येही विचारलं, "औंदा कितवे आले तुझे?"

"एकोणिसावे."

"म्हंजे पुन्हा खाली गेले?"

"नाही मामा. या लीगमध्ये चोवीस संघ असतात. शेवटच्या दिवशी लेस्टरला त्यांच्या घरात हरवून वाचले."

मामाने बोटांवर हिशोब केला. "म्हंजे खालून सहावे." तो खूश झाला. "प्रगती हाय की! पेढे कामून नाही आणले?"