काचवाले गुरुजी

निवृत्त मास्तरला वर्ग लागतो. मिळाला नाही तर तो भरवतो. लोह्यातले आमचे गुरुजी तो आपल्या मारुती आठशेभोवती भरवतात.

ही गाडी १९८३ साली बाजारात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. गुरुजींच्या लेखी मोटारीचा इतिहास तिथंच संपला. ‘आता काढा की गुरुजी’ असं कुणी म्हणालं की, पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओतून पाच वर्षांसाठी वाढवून आणलेल्या नोंदणीचा कागद ते समोर धरतात. बटनाच्या काचेबद्दल त्यांचं मत पक्कं आहे : “बटन दाबायला माणूस कशाला पाहिजे?”

मे महिन्यात ड्रायव्हरच्या बाजूची काच अडली. बाहेर पारा बेचाळीसच्या वर, आणि हँडल फिरवताना गुरुजींचा खांदा फिरायचा, काच नाही. मिस्त्रीला दाखवा, असं गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या.

“काय लागतंय त्याला!” हे गुरुजींचं ब्रीदवाक्य. या वाक्यानं आजवर दोन पंखे, एक मिक्सर आणि शेजाऱ्याचा बोअरचा स्टार्टर कायमचे शांत झालेत.

खुर्ची अंगणात आली. कंधारकडं निघालेला एक जण स्कूटर लावून थांबला. दुसऱ्यानं चहाची चौकशी केली. माळेगावच्या यात्रेत घोड्याचे दात बघतात तसे सगळे दाराच्या फटीत डोकावले. सल्ले मुबलक होते, पाना कुणाकडंच नव्हता. शेवटी गुरुजींनी स्वयंपाकघरातून करडईच्या तेलाची बाटली आणली.

“अहो, ते भाजीचं तेल हाय!”

“रबरला काय कळतंय?”

रबराला कळलं. तेलावर लोह्याची धूळ बसली आणि चार दिवसांत काच आणखी जड झाली.

मग गॅरेजातल्या पोराला बोलावणं गेलं. त्यानं हँडलमागं फडकं घालून इकडून तिकडं ओढलं. आतलं तारेचं लॉक टुणकन उडालं आणि हँडल हातात आलं. लॉक शोधायला सगळा वर्ग गुडघ्यावर. दाराचं पॅनल निघालं तेव्हा कळलं, की मशीन धडधाकट आहे. दुखणं चॅनेलच्या रबरात आहे. उन्हानं ते कडक झालेलं, आणि वरून धूळ-तेलाचा लगदा. पोरानं साबणाच्या पाण्यानं चॅनेल धुतलं, वाळू दिलं, रबरावर सिलिकॉनचा फवारा मारला. ग्रीस लावलं ते फक्त मशीनच्या दातांना. लोखंडाला ग्रीस, रबराला सिलिकॉन. एवढीच ती विद्या. काच सुळकन खाली गेली.

“मी आदीच म्हणलो होतो, रबरचं काम हाय,” गुरुजी म्हणाले. कुणी विरोध केला नाही. चहा त्यांचा होता. पोराला त्यांनी मजुरी दिली आणि वर स्पॅनर कसा धरावा हेही शिकवलं.

तुमच्या गाडीची काच अडली असेल, तर जोर लावू नका. मशीनचे दात जातात. करडईचं तेल भाजीत घाला. आणि लोह्यात असाल, तर काम गॅरेजातच करून घ्या. मात्र परतताना गाडी गुरुजींच्या दारात दोन मिनिटं उभी करा. काच बरी झाल्याचं त्यांना सांगू नका. दुसरं काहीतरी बिघडलंय, एवढंच म्हणा.