दुय्यम घरमालक

मध्य रेल्वेच्या मार्गावर स्वतः डोंबिवलीत राहून बदलापूर, वांगणी किंवा नेरळ येथे भाड्याने देण्यासाठी एक स्वस्त सदनिका घेऊन ठेवणाऱ्या मध्यमवर्गीय गृहस्थास या विवेचनापुरते 'दुय्यम घरमालक' म्हणणे सोयीचे ठरेल. मात्र हे विशेषण घरास उद्देशून आहे, कारण गृहस्थाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेत दुय्यम असे काहीही आढळत नाही. लग्नाच्या पंगतीत कोणी निवृत्तीनंतरची सोय विचारली, तर 'बदलापूरचं भाडं येतं ना' एवढेच तो सांगतो आणि भाड्याचा आकडा मठ्ठ्याच्या घोटाबरोबर गिळतो.

आकडा गिळण्यासारखाच असतो. मुद्रांक शुल्क व नोंदणीसह 24 लाखांना पडलेल्या सदनिकेचे मासिक भाडे समजा 6,500 रुपये धरले, तर वर्षाचे 78,000 होतात आणि या रकमेचे भांडवलाशी असलेले प्रमाण, म्हणजेच ढोबळ परतावा, 3.25 टक्के भरतो. तथापि दोन भाडेकरूंच्या मधे घर दोन महिने रिकामे राहिले, दलालाने एका महिन्याचे भाडे दलालीपोटी घेतले, सोसायटीचा देखभालखर्च, ज्यास सर्वत्र 'मेंटेनन्स' म्हणतात तो, दरमहा 1,500 प्रमाणे गेला, घरपट्टीस 3,000, करारास 2,000 आणि रंगारी, प्लंबर व प्लंबरने फोडलेली लादी बसवणारा गवंडी यांस मिळून 8,000 लागले, की हाती 27,500 रुपये, म्हणजे सव्वा टक्क्याहूनही कमी, उरतात. पोस्टाचे साधे बचत खाते 4 टक्के व्याज देते आणि ते पावसाळ्यात गळत नाही. यावर 'किंमत वाढतेय की' हा त्याचा ठरलेला प्रतिवाद असतो. ती वाढ तो समोरच्या नव्या इमारतीच्या फलकावरील दरावरून मोजतो, आपल्याच जिन्यातील विक्रीस काढलेल्या आणि गिऱ्हाईक न लाभलेल्या घरावरून नव्हे.

हा परतावा आणखी घटवते ती भाडेकरू घर बळकावील ही त्याची भीती, आणि तिचे मूळ या हिशेबाहून जुने आहे. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवलेल्या चाळीत तो वाढला आणि तेथे भाडेकरूच्या पोराच्या नात्याने मालकाची जी दैना त्याने मिटक्या मारीत पाहिली, तिचीच आता त्याला धास्ती वाटते. वस्तुतः आजचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार हा भाडेहक्क न देता केवळ राहण्याची परवानगी देणारा असून, 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानुसार मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. परंतु 'एकदा घुसला की निघत नाही' हे चाळीतील सूत्र कलमांपेक्षा बळकट ठरते. त्यामुळे तो चांगल्या भाडेकरूसही अकरा महिन्यांनी निरोप देतो आणि रिकाम्या महिन्यांचा व दलालीचा जो भार वर दाखवला तो आपल्याच हाताने दरवर्षी नवा करतो.

याला अपवाद असतो तो त्यास 'काका' म्हणणाऱ्या भाडेकरूचा. भिंतीची ओल पाहण्यास रविवारच्या लोकलने आलेल्या काकांच्या हातची पिशवी जो स्टेशनवरच घेतो, घरी चहाबरोबर कांदाभजी पुढे करतो आणि भाडेवाढीचा विषय निघण्याच्या बेतात असताना 'काका, तुमच्यासारखा मालक मिळत नाही हो' असे म्हणतो, त्याचे भाडे चार चार वर्षे पैशाने वाढत नाही. मालक ही पदवी, जिच्यासाठी हा सर्व व्यवहार झाला, ती महिन्यातून एकदा अशी समोरून उच्चारली जाते, आणि तिचे मोल कोणत्याही परताव्याच्या सूत्रात बसवता येत नाही. दरम्यान वाचलेल्या भाड्यातून साठवलेल्या रकमेवर कर्ज काढून तो भाडेकरू दोन इमारती सोडून स्वतःची सदनिका घेतो आणि वास्तुशांतीस काकांना सपत्नीक बोलावतो. काका जातात, नव्या घराच्या भिंतींवर बोटे टेकवून ओल तपासतात, 'हे भाड्याने दे, तू आमच्याकडेच राहा' असा सल्ला देतात, आणि आहेराच्या पाकिटातील 501 रुपये घरी आल्यावर बदलापूरच्या हिशेबात लिहीत नाहीत.