गाडी खाली बसवण्याचे शास्त्र

लोअरिंग स्प्रिंग म्हणजे कंपनीच्या अभियंत्यांनी विचारपूर्वक ठरवलेली गाडीची उंची कमी करण्यासाठी मालकाने स्वतःच्या, बहुधा वडिलांच्या, पैशाने आणलेली चार वेटोळी. प्रस्तुत मार्गदर्शनासाठी नमुना म्हणून फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेतली आहे. ही गाडी चाकणला तयार होत असे, म्हणजे ती जन्माने पुणे जिल्ह्यातली आहे. शिवाय 2013 साली तिला 1.2 लिटरचे टर्बो इंजिन आणि सात गिअरची डीएसजी मिळाली, तेव्हापासून तिच्या मालकाला स्वस्थ बसवत नाही. पोलोचे भारतातले उत्पादन 2022 साली थांबले, मालकाचे प्रयोग थांबलेले नाहीत. स्विफ्ट आणि आय-20वाल्यांनी योग्य ते फेरफार करून वाचावे.

निवडीची सुरुवात मोजमापाने होते. टायर आणि फेंडरची कमान यांच्यामधली फट बोटांनी मोजण्याची प्रथा आहे. ‘चार बोटं गॅप आहे, दोनवर आणायचाय,’ असे गॅरेजात सांगितले जाते. बोटे मालकाची धरायची की मेकॅनिकची, हे कोणी स्पष्ट करत नाही, आणि दोघांच्या चार बोटांत सहज सेंटिमीटरभर फरक निघतो. शास्त्रशुद्ध पद्धत अशी: गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत मिलिमीटरमध्ये मोजावे आणि लिहून ठेवावे. टायरमध्ये हवा कमीजास्त असली तरी हे अंतर बदलत नाही. पुण्यात सपाट जमीन शोधण्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

यानंतरचा प्रश्न किती खाली आणायचे, हा. मालकाला वाटते की हे तो ठरवतो. प्रत्यक्षात ते त्याच्या सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक ठरवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर साधारण अडीच मीटर आहे. ती अशा गतिरोधकावर चढली की दोन्ही चाके त्याच्याच पाठीवर येतात आणि पोटाखालचा फुगवटा फार तर साडेचार सेंटिमीटर उरतो. पोलोला मुळात साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास मोकळी जागा आहे, तेव्हा तीन सेंटिमीटर कमी झाले तरी काही बिघडत नाही. पण सोसायटीचा गतिरोधक मानक वाचून बांधलेला नसतो. तो उरलेल्या सिमेंटवर, रविवारी, चेअरमनच्या देखरेखीखाली बांधलेला असतो. वीतभर रुंदीचा आणि मनाला येईल तेवढ्या उंचीचा हा बांध दोन चाकांच्या मधोमध येतो आणि त्याची सगळी उंची पोटाला भिडते. त्यावर पट्टे नाहीत, फलक नाही, रात्री तो दिसतही नाही, आणि तक्रार केली की ‘मुलं खेळतात हो’ असे उत्तर मिळते. मुले हल्ली खेळत नाहीत. असो. असा बांध तिरक्या रेषेत, एकेक चाक चढवत ओलांडावा.

ब्रँडबद्दल थोडक्यात. 1951 साली स्थापन झालेली आयबाख जर्मनीतल्या फिनेनट्रोपची आणि एच अँड आर शेजारच्या लेनेश्टाटची. या दोन शेजारी गावांनी जगभरच्या गाडीवेड्यांची दोन घराण्यांत वाटणी केली आहे. दोन्ही घराण्यांचा माल उत्तम असतो, हे कोणत्याही एका घराण्यात बोलू नये.

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. बाकी सारे तसेच ठेवून 12 मिलिमीटरची तार 13ची केली तर स्प्रिंग सुमारे 38 टक्के कडक होते. म्हणून ‘जरा जाड तारेची द्या’ ही मागणी करताना ‘जरा’ या शब्दाचा अर्थ मणक्याला विचारून घ्यावा. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगचे काही वेढे जवळजवळ असतात. वजन पडले की ते आधी मिटतात आणि उरलेले वेढे कडकपणे काम करतात. मागच्या सीटवर अधूनमधून तीन माणसे बसत असतील तर हीच घ्यावी.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष शॉकॲब्सॉर्बरकडे होते. स्प्रिंगने तीन सेंटिमीटर उतरलेल्या गाडीने खड्ड्यासाठी ठेवलेल्या जागेतले तीन सेंटिमीटर उभ्या उभ्याच खर्च केलेले असतात. त्यानंतरचा खड्डा थेट बंपस्टॉपवर जातो. साठ हजार किलोमीटर झालेले शॉकॲब्सॉर्बर तसेच ठेवून वर नव्या स्प्रिंग चढवल्या की गाडी दिसते खाली आणि उडते वर. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी शॉकॲब्सॉर्बर बदलावेत. हा सल्ला आजवर कोणी मानल्याचे ऐकिवात नाही.

फार खाली गेल्याने गाडी वळणावर चिकटून चालते, हाही समज आहे. पोलोच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे. गाडी जास्त उतरली की खालचे आर्म उलटे तिरपे होतात आणि ज्या केंद्राभोवती गाडी कलते ते गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकते. म्हणजे कलण्याची ओढ उलट वाढते.

मूळ स्प्रिंग ग्राइंडरने कापणे: करू नये. गॅसने तापवून बसवणे: त्याहून करू नये.

कुटुंबीयांची संमती बसवण्यापूर्वी घ्यावी. ‘चांगलं असतं तर कंपनीनेच नसतं का केलं?’ हा वडिलांचा प्रश्न अडाणी वाटतो, पण तो अभियांत्रिकीतला मूलभूत प्रश्न आहे आणि त्याला समाधानकारक उत्तर नाही. आई काही म्हणत नाही. ती पुढच्या खेपेला रिक्षाने जाते.

स्प्रिंग कंप्रेसर योग्य नसेल तर काम तिथेच थांबवावे. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा फोडू शकते, आणि इथे विनोद नाही. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच अखेरचे आवळावेत, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. काहीशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसल्या की अलाइनमेंट करावी आणि हेडलाइटची पातळीही तपासून घ्यावी. अलाइनमेंट टाळणाऱ्याचे टायर आतल्या कडेने झिजतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते नवेच दिसतात.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करते. 2019च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. चार स्प्रिंग म्हणजे एक बदल की चार, ही शंका निरीक्षकासमोर काढू नये.

काढलेल्या मूळ स्प्रिंग रबरांसकट, पुढच्या-मागच्या अशी खूण करून माळ्यावर ठेवाव्यात. गाडी विकायला काढली की घेणारा आधी त्याच मागतो. भंगारवाल्याला देऊ नयेत.