मु. पो. 'इतर'

श्री. रा. रा. मायक्रोमॅक्स यांस,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, पाकिटावर पत्ता काय घालावा इथूनच घोडं अडलं. कचेरी तुमची गुरुग्रामला, हे ठाऊक आहे. पण धंद्यातल्या माणसाचा खरा मुक्काम कळतो तो मोबाइल बाजाराच्या तिमाही अहवालातून. म्हणून तो उघडला आणि वरून खाली बोट फिरवत गेलो. विवो, सॅमसंग, ओप्पो, शाओमी, रिअलमी. मधूनच ॲपलसुद्धा. तुमचं नाव काही लागेना. अगदी तळाशी एक ओळ असते, 'इतर'. लग्नाच्या पत्रिकेत 'समस्त आप्तेष्ट' असतात ना, तसे त्या ओळीत सगळे दाटीवाटीनं बसलेले असतात. नाव कुणाचंच नाही आणि टक्केवारीचा आकडा सगळ्यांचा मिळून एकच. तेव्हा पाकिटावर तोच पत्ता घातला आहे. मिळालं तर पोच द्यावी.

आता तुम्ही म्हणाल, पडलेल्याला लाथ मारणारे पुष्कळ असतात, त्यात आणखी एक. तसं नाही. पडण्याबद्दल आमची तक्रार नाही. नोकिया पडली, ब्लॅकबेरी पडली, एलजीनं २०२१ मध्ये फोनचा धंदाच गुंडाळला. त्यांना आम्ही पत्रं लिहीत बसलो नाही. तुमच्यावरचा आरोप वेगळा आहे. जी एक गोष्ट तुम्हाला सगळ्यांपेक्षा चांगली येत होती, नेमकी तीच तुम्ही टाकून दिलीत. आरोप केला म्हणजे पुरावा द्यायला हवा. देतो.

पुरावा पहिला, तुमचाच. २००७ च्या सुमाराची ही गोष्ट तुमच्या राहुल शर्मांनी मुलाखतींतून कितीदा तरी सांगितली आहे. पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरला वीज नाही. तिथला एक जण ट्रकच्या बॅटरीवर पीसीओ चालवतो, आणि बॅटरी उतरली की सायकलवर लादून दूरच्या गावाहून भरून आणतो. दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर 'अरेरे' म्हणून पुढे गेला असता. तुम्ही २००८ मध्ये फोन काढलात, नुसता पडून राहिला तर तीस दिवस बॅटरी टिकेल असा. महाशय, तेव्हा आमच्या महाराष्ट्रात भारनियमन चालू होतं. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसायची आणि मोटार कधी सुरू करायची हे वेळापत्रक पाहून ठरायचं. चार्जर खिशात घेऊन पिठाच्या गिरणीत जाणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. त्यांना तीस दिवसांचा फोन म्हणजे काय वाटलं असेल, हे तुम्हाला दिल्लीकडे बसून कळलं होतं. मोठमोठ्या परदेशी कंपन्यांना कळलं नव्हतं. याचं श्रेय आम्ही देतो. मोजून देतो, पण देतो.

पुढेही तुमची नजर शाबूत होती. माणूस एका कंपनीच्या फुकट मिनिटांसाठी एक आणि घरच्यांसाठी दुसरं अशी दोन कार्डं बाळगतो, हे पाहून तुम्ही दोन सिमचे फोन स्वस्त केलेत. घरात टीव्हीचा रिमोट सापडत नाही, म्हणून फोनलाच रिमोट केलात. २०१२ च्या शेवटी कॅनव्हास २ आला. पाच इंची पडदा आणि किंमत दहा हजारांच्या आत. तेवढ्या मोठ्या पडद्यासाठी सॅमसंगच्या दारात तिप्पट पैसे मोजावे लागत. नवा फोन कानाला लावून एसटीत उगाचच मोठ्यानं बोलणारी मंडळी त्या वर्षी एकदम वाढली, तीही तुमचीच कृपा.

मग तो सुवर्णक्षण. २०१४ ची शेवटची तिमाही. कॅनालिस या संस्थेनं हिशेब मांडला. भारतातल्या स्मार्टफोन विक्रीत मायक्रोमॅक्स २२ टक्के, सॅमसंग २० टक्के. तिसऱ्या-चौथ्या जागेवर कार्बन आणि लावा. म्हणजे पहिल्या चारांत तीन भारतीय! सॅमसंगनं लगेच दुसऱ्या संस्थेचे आकडे पुढे करून 'आम्हीच पहिले' असा खुलासा केला. कोरियातल्या हत्तीला खुलासा करावा लागला, यातच सगळं आलं. आम्हाला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! फोन आमचा नव्हता, कंपनी आमची नव्हती, शेअरही आमचे नव्हते. अभिमान मात्र फुकट होता, तो आम्ही भरपूर घेतला.

इथून पुरावा दुसरा सुरू होतो. तुमचं बोधचिन्ह म्हणजे मूठ. आमच्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ उघडली तेव्हा आत काय निघालं? आखणी चिनी, सुटे भाग चिनी, बरेचदा जोडणीही चिनी. निवड, नाव, किंमत आणि जाहिरात तेवढी तुमची. याला कायद्यानं बंदी नाही. सुरुवातीला तर यात शहाणपणच होतं, कारण शेन्झेनच्या आसपास फोन तयार मिळत असताना गुरुग्रामला कारखाना कशाला घालायचा? पण आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्यानं एक गोष्ट ध्यानात ठेवायची असते. पीठ दळणारा एक दिवस स्वतःच दुकान टाकतो.

त्यानं टाकलं. जुलै २०१४ मध्ये शाओमी फ्लिपकार्टवरून आली. माल काही सेकंदांत संपायचा आणि पोरं घड्याळ लावून बसायची. त्याच वर्षी विवो आणि ओप्पोही आल्या, त्या थेट गल्लीत. दुकानदाराला म्हणाल्या, काका, पाटी आम्ही लावून देतो, भाडं देतो, कमिशन वाढवून देतो. दोन वर्षांत तालुक्याच्या बाजारपेठा निळ्या-हिरव्या झाल्या. विवोनं तर २०१८ पासूनच्या पाच वर्षांच्या आयपीएलसाठी २,१९९ कोटींची बोली लावली.

या काळात तुम्ही काय करत होतात? २०१३ मध्ये तुम्ही जाहिरातीसाठी थेट हॉलिवूडहून ह्यू जॅकमन आणला होता. बहरामपूरच्या सायकलवाल्याला तो कोण हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण तोवर तुम्हालाही सायकलवाला कोण हे आठवत नव्हतं. अलीबाबाकडून मोठी गुंतवणूक येणार अशा बातम्या आल्या, मग फिसकटल्याच्या आल्या. 'यू' नावाची वेगळी चूल मांडलीत आणि सायनोजेन प्रणालीच्या हक्कावरून वनप्लसला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलंत. २०१५ च्या अखेरीस त्याच चुलीवर २४,९९९ रुपयांचा युटोपिया शिजवलात. जो ब्रँड लोकांनी दहा हजारांच्या आत म्हणून उचलला, त्याच्याकडे पंचवीस हजार घेऊन कोण येणार होतं? युटोपिया म्हणजे कुठेच नसलेली आदर्श जागा. बारसं मात्र अचूक केलंत.

पुरावा तिसरा. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. बोलणं फुकट, डेटा फुकट, अट एकच. फोन फोर-जी हवा आणि शक्यतो त्यात व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरूनच बोलायची सोय, हवी. रात्रीत देशाचा प्रश्न बदलला. 'बॅटरी किती टिकते' हे विचारणारा गिऱ्हाईक 'जिओ चालतं का' विचारू लागला. चिनी कंपन्यांकडे फोर-जीचा माल तयार होता, कारण त्यांच्या देशात ते आधीच आलं होतं. थ्री-जीवर विसंबलेल्या तुम्हा देशी कंपन्यांचं वरातीमागून घोडं निघालं. दोन महिन्यांनी नोटाबंदी. स्वस्त फोन रोखीनं विकले जात आणि रोखच नाहीशी झाली. याला तुमचा इलाज नव्हता, तेवढा संशयाचा फायदा दिला. पण २०१६ ची शेवटची तिमाही संपली तेव्हा पहिल्या पाचांत सॅमसंग आणि चार चिनी कंपन्या होत्या. भारतीय एकही नाही. २२ टक्क्यांचा दिवस उगवून मावळायला दोन वर्षं पुरली. आमच्याकडे सहकारी साखर कारखाना बुडवायलासुद्धा याहून जास्त वेळ घेतात.

२०१७ मध्ये तुम्ही पुन्हा एकदा गरिबाकडे वळलात, हे नोंदवायला हवं. 'भारत १' काढलात. २,२०० रुपयांचा, बटणांचा, तरीही फोर-जी. कल्पना उत्तम. जोडीदार मात्र बीएसएनएल निवडलात, जिच्याकडे तेव्हा स्वतःचं फोर-जी जवळपास नव्हतंच. मुलगा पोहण्यात तरबेज आणि स्थळ वाळवंटातलं, असं ते लग्न.

पुरावा चौथा लिहिताना हात जरा जड होतो. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले जवान गेले. देशभर चिनी मालावर बहिष्काराच्या घोषणा झाल्या, कुठेकुठे टीव्ही फुटले. त्या वातावरणात नोव्हेंबरात तुम्ही परतलात. मालिकेचं नाव 'इन', म्हणजे इंडिया. ५०० कोटींची गुंतवणूक जाहीर. घोषणा, 'आओ करें चीनी कम'. इन नोट १ ची किंमत १०,९९९ रुपये. चिप अर्थातच तैवानच्या मीडियाटेकची, आणि त्यातही काही गैर नाही. सगळ्या जगाचे फोन असेच बनतात. गैर एवढंच की या वेळी गिऱ्हाइकाकडे बघून फोन काढण्याऐवजी तुम्ही झेंड्याकडे बघून काढलात. २००८ मध्ये 'तुझी अडचण काय' असं विचारत आला होतात. २०२० मध्ये 'तुझं देशप्रेम किती' असं विचारलंत. आता देशप्रेम आमच्याकडे अमाप आहे. पंधरा ऑगस्टला आम्ही ते चिनी फोनवरून पाठवतो. पण दहा हजार मोजताना मराठी माणूस तीनच प्रश्न विचारतो. काच फुटली तर इथे मिळेल का? दुरुस्तीला किती दिवस लागतील? दोन वर्षांनी विकायला काढला तर किती येतील? या तिन्हींची उत्तरं घोषणेत नसतात, तालुक्याच्या दुकानात असतात. आणि ते दुकान तोवर दुसऱ्याचं झालं होतं.

मग २०२४ मध्ये बातम्या आल्या की तुमच्याच घरातली भगवती ही कंपनी आता नोएडाकडे विवोसाठी फोन जोडणार. ज्यांनी तुम्हाला पहिल्या जागेवरून 'इतर'मध्ये धाडलं, त्यांच्याच पंगतीला वाढपी म्हणून उभं राहायचं! 'चीनी कम' म्हणत चहा मागवला आणि शेवटी साखरेच्याच गोदामात हिशेबनीस झालात. तरीही खरं सांगतो, तुमच्या सगळ्या इतिहासातला हा कदाचित सर्वांत प्रामाणिक व्यवसाय असेल. पूर्वी चिनी माल तुमच्या नावानं विकला जायचा. आता तुमच्या कामगारांनी जोडलेला माल चिनी नावानं विकला जाईल. निदान मजुरी तरी इथे राहील.

आता भविष्याचं. हात बघायची विद्या आम्हाला येत नाही, पण मूठ बघता येते. देशात वर्षाला सुमारे १५ कोटी स्मार्टफोन विकले जातात. त्यातले पुष्कळसे हप्त्यावर जातात आणि घेणारा दर वेळी थोडा महाग फोन घेतो. जिथं तुमचं राज्य होतं, ती दहा हजारांखालची गल्ली ओस पडत चालली आहे. तिथे नफा कमी म्हणून मोठ्यांचं फारसं लक्ष नाही, आणि तिथलं पुष्कळसं गिऱ्हाईक आजही साधा बटणांचा फोनच वापरतं. म्हणजे तो सायकलवाला अजून तिथेच आहे. त्याची बॅटरीची अडचण सुटली. आता त्याला ओटीपी वाचता येत नाही, सातबारा पडद्यावर दिसत नाही, पीक विम्याचा फॉर्म मधेच अडकतो, आणि कुणी 'बँकेतून बोलतोय' म्हणालं की तो घाबरतो. नेमका त्याच्यासाठी फोन कुणी काढलेला दिसत नाही. जॅकमनला वगळून तो काढता येईल. तुम्ही काढाल असं वाटत नाही, पण पत्रात आशा लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ असावा.

आपला,
एक माजी अभिमानी

ता. क. आमच्या एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानावर तुमची पाटी अजून आहे. लाल मूठ उन्हानं फिकट गुलाबी झाली आहे. खाली काचेच्या कपाटात विवो आणि ओप्पो मांडलेले असतात, कोपऱ्यात कव्हरं आणि टेम्पर्ड ग्लास. मालकाला विचारलं, ही पाटी उतरवत का नाही? तो म्हणाला, 'राहू द्या. मागचा पत्रा गंजलाय. पाटी आहे म्हणून पाणी आत येत नाही.' यंदाही आलं नाही.