तीन नंबरची काडी

माझा सॅक्सोफोन चांगला वाजत नाही तो रीडमुळे. हे मी आठ वर्षं सगळ्यांना सांगतोय. आता मलाही ते पटायला लागलंय. वाद्य अख्खं पितळेचं. अडॉल्फ साक्सने 1846 साली त्याचं पेटंट घेतलं, पण त्याला पंगत मिळाली ती क्लॅरिनेटच्या शेजारी, लाकडी वाद्यांत. का, तर तोंडाशी ही बोटभर काडी! दक्षिण फ्रान्समधल्या नळाच्या गवतापासून होते. आमच्या घरात तिला आइस्क्रीमचा चमचा म्हणतात.

रीडला नंबर असतो. नंबर चढा, तितकी रीड ताठ. नवशिक्याने दोनपासून सुरुवात करावी, असं जाणते सांगतात. पण दुकानदारासमोर 'दोन' म्हणायला जीभ रेटेना. 'रूप तेरा मस्ताना'तले मनोहारी सिंग डोळ्यांसमोर होते. मी तीनची घेतली. पहिला महिनाभर सॅक्सोफोनातून नुसता वारा आला. आमच्या नागावात वारा फुकट मिळतो.

मग निवड. रीड उजेडाकडे धरायची, मधला गडद भाग दोन्ही अंगांना सारखा उतरतोय का बघायचं, रेषा सरळ आहेत का बघायच्या. दहाच्या खोक्यात दोन-तीन बऱ्या निघाल्या तरी नशीब. हे सगळं मी भिंग लावून ओटीवर बसून करतो. आतल्या खोलीत कोणी बघणारं नसतं.

बघणारी म्हणजे आत्या. वय चौऱ्याऐंशी. सुपारी निवडण्यात वाडीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. असोली सुपारी कानाशी नेऊन हलवायची. आत खुळखुळली की वाळली. सोलल्यावर फरशीवर टाकायची आणि आवाज ऐकायची. ठणठणीत वाजली तर भरीव, भद्द वाजली तर बोदी. अडकित्त्यात धरून दोन फाकं करायची, आतली पांढरी-तांबडी नक्षी बघायची आणि व्यापाऱ्याला तोंडावर सांगायची, "हा रोठा नव्हे, रोठ्याचा चुलतभाऊ." दर ठरवायला आलेले लोक दर ऐकून जायचे. एकदा तर... पण सुपारीवर मला थांबवायला कोणीतरी लागतं. आता तिला दात नाहीत. पान खलबत्त्यात कुटून द्यावं लागतं. तरी सुपारी तीच निवडते, आणि पहिलं फाक अजून सवयीने दाढेकडे नेते. मग हळूच परत ताटलीत ठेवते. तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

रीडची निगा म्हणाल, तर वाजवून झाल्यावर पुसायची, काचेवर सपाट ठेवायची, तीन-चार आळीपाळीने वापरायच्या. हे मी काटेकोर करतो, कारण यात वाजवावं लागत नाही. पण आषाढात खारी, ओली हवा घरात शिरली की रीडचं टोक तळल्या पापडासारखं लाटा घेतं. यंदा दोनांना बुरशी आली. वारलेल्या माणसांबद्दल बोलावं तसं मी त्यांच्याबद्दल बोलत होतो.

आत्याने खोकं ओढून घेतलं. एकेक रीड नखावर वाजवली, कानाशी नेली.

"बोदी. बोदी. ही बरी. बोदी."

मी ती बरी लावली. सूर निघाला, खरंच निघाला. आत्या डोळे मिटून ऐकत राहिली.

"काडी चांगली आहे रे," ती म्हणाली. "वाजवणारा बघ कुठे मिळतो का."

उरलेल्या आता तिच्या पानाच्या डब्यात आहेत. पानाला चुना लावायला दोन नंबर मऊ पडतो म्हणते. तीन अगदी बेताचा.