प्रासंगिक करार

पोलादपूरच्या वरच्या खोऱ्यात, कापड्याच्याही पुढे राहणाऱ्या माणसाला ‘कुठे जायचं’ हा प्रश्न फारसा पडत नाही. ‘गाडी कितीची’ एवढाच पडतो. मुक्कामाची एसटी पहाटे निघते आणि ती जाते तिकडेच आमची कामं निघतात. पोलादपूरला थेट गाडी आहे म्हणून आमची दाढ पोलादपुरात काढली जाते. अलिबागला गाडी बदलावी लागते, म्हणून जिल्ह्याचं काम पुढच्या वर्षावर जातं.

१ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. आमच्या खोऱ्यात ती बऱ्याच उशिरा पोचली, पण आल्या दिवसापासून आम्ही ती नेईल तिथे निमूटपणे जात आलो. त्यामुळे गेल्या पौषात मास्तर देवळात म्हणाले, “यंदा अख्खी गाडीच करू,” तेव्हा मंडळी गप्प झाली. गाडी आपल्याला विचारणार, कुठे जायचं ते? मग सांगायचं तरी काय?

अख्खी एसटी भाड्याने घेण्याला महामंडळाच्या भाषेत ‘प्रासंगिक करार’ म्हणतात. लग्नाची वऱ्हाडं आणि शाळांच्या सहली अशाच जातात. अर्ज करायचा, पैसे आगाऊ भरायचे आणि गाडीचे किलोमीटर मोजायचे. पण नाव काय भारदस्त! पुरंदरच्या तहानंतर एवढ्या वजनाचं कलम आमच्या भागातल्या कुणाच्या वाट्याला आलं नसावं. मास्तरांनी तो शब्द उच्चारल्याबरोबर नानांनी टोपी नीट केली.

टोपी नीट झाली, पण वर्गणीचा आकडा ऐकताच नानाच पहिले उठले. “मी अठ्ठ्याहत्तरचा. मला एसटी फुकट!” हे खरंच होतं. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी उलटलेल्यांना एसटीत तिकीट नाही, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं. पासष्टी ते पंच्याहत्तरीच्या मधल्या मंडळींनाही अर्धंच. अख्खी गाडी घेतली की मात्र हिशेब किलोमीटरचा, आणि किलोमीटरला कुणाचं वय दिसत नाही. नानांचं म्हणणं साधं होतं. “जन्मभर तिकीट काढून पंच्याहत्तर गाठली, ती काय वर्गणी द्यायला?” आमच्या यादीत असे नऊ जण आणि बायका एकवीस निघाल्या. कुणीतरी मांडून दाखवलं, की साध्या गाडीने गेलो तर पूर्ण तिकिटाची माणसं बोटांवर मोजण्याइतकीच उरतात. त्यांनाच घरी ठेवलं तर सहल आणखी स्वस्त होते. या सूचनेवर पंधरा मिनिटं गंभीरपणे चर्चा झाली. घरी ठेवायच्यात मी होतो.

मग ठिकाण. पोरं म्हणाली महाबळेश्वर. आंबेनळी घाटाचं नाव निघताच बायकांच्या बाजूने तीनजणींनी नुसत्या विचारानेच पदर तोंडाला लावला. आमच्याकडे निम्म्या गावाला गाडी लागते. मग कुणी रायगड काढला. पायऱ्या म्हणताच गुडघे दुखू लागले. “रोपवे आहे, हिरकणीवाडीतून बसायचं, वर,” असं मी म्हणालो. त्यावर वहिनी म्हणाल्या, “ती बाय लेकरासाठी रातीची कडा उतरली, आन् ह्यांना दिवसा पाळण्यात बसवून वर न्यायचं!” रायगड बारगळला. गणपतीपुळे, आळंदी, शिर्डी असं करत करत यादी तिरुपतीपर्यंत गेली आणि तिथून दमून परत जिल्ह्यात आली. शेवटी शिवथरघळ ठरली. जिथे समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, ती घळ. महाडहून तीसेक किलोमीटर आहे आणि त्रेचाळीस जणांतल्या एकतीस जणांनी ती पाहिली नव्हती, कारण तिकडे आमच्या वाडीतून गाडी नाही.

ठरल्या दिवशी गाडी वेळेवर आली. हा पहिला धक्का, कारण आम्ही वेळेवर नव्हतो. चालक घाटावरचे होते, मिशीवाले, मोजकं बोलणारे. वाहक नव्हता. ही पोकळी अप्पांना बघवेना. अप्पा गिरणीतून निवृत्त झालेले, हुकूम सोडायची सवय अजून होती. त्यांनी दाराशेजारची जागा घेतली, “आत सरका, आत सरका” म्हटलं आणि दोरी ओढून डबल बेल दिली. चालकांनी आरशातून एकदा पाहिलं आणि गिअर टाकला. दिवसभर हा करार दोघांनी पाळला.

गाडीत ४४ आसनं, यादीत ४३ नावं. पुढच्या सीटसाठी अकरा अर्ज, सगळे गाडी लागते या एकाच कारणाचे. आलं, लिंबू, आवळासुपारी, चिंचेच्या गोळ्या हे औषध म्हणून फिरू लागलं. त्या औषधानेच दोघांना मळमळलं.

पोलादपूर स्टँडवर मास्तरांनी गाडी थांबवायला लावली. ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी स्टँडजवळच आहे. या स्टँडवर आम्ही आयुष्याची किती वर्षं गाडीची वाट बघत घालवली, ते मोजलं तर दोन शिवभारतं लिहून झाली असती. पण मान वळवून समाधी पाहिलेले निघाले चार. गाडी सुटेल म्हणून कुणी हललंच नव्हतं कधी. त्या दिवशी गाडी सुटणार नव्हती, तरी मंडळी धावतच गेली आणि धावतच आली.

परत आल्यावर मास्तरांनी डोकी मोजली. चव्वेचाळीस. पुन्हा मोजली. चव्वेचाळीस. “मघाशी मी स्वतःला धरायला विसरलो होतो,” असं म्हणून त्यांनी वही मिटली. अप्पांनी बेल दिली.

सावित्रीचा पूल आला तशी गाडी आपोआप गप्प झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एसट्या गेल्या. नवा पूल वर्षभराच्या आत झाला, पण आमच्याकडच्या बायका अजून तिथे हात जोडतात. त्या दिवशी चालकांनीही एक हात चाकावरून काढून कपाळाला लावला.

महाडात चवदार तळं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी जिथे ओंजळीने पाणी घेतलं, त्या पायऱ्यांवर बसल्यावर दिवसभरात पहिल्यांदा आमच्यात वाद झाला नाही. फक्त एक माणूस गाडीतून उतरला नव्हता. खिडकीशी बसलेला, मांडीवर पिशवी. “उतरत नाही का हो?” असं नानांनी विचारलं, तर म्हणाला, “सीट जाते.” नानांना हे इतकं पटलं, की तेही परत जाऊन बसले.

बिरवाडीत गाडी शिरली तसा तो उठला आणि त्याने दोरी ओढली. अप्पा खवळले. बेल हे त्यांचं खातं. “बसा खाली!” तो म्हणाला, “मला उतरायचंय.” आता आमच्यात प्रवासात मधेच उतरतो म्हणणाऱ्या माणसाचा एकच अर्थ होतो. वहिनींनी हाक दिली, “अहो भावजी, रुसू नका, जागेवरून कुणी काही बोललं का?” नणदेचे दीर आहेत असं त्यांना वाटलं होतं. नणदेला वाटलं, मास्तरांचे पाहुणे. मास्तरांना वाटलं, गावच्या मुंबई मंडळाचे कुणीतरी, म्हणून ते अदबीने म्हणाले, “तुमच्याशिवाय शोभा नाही.” चौघांनी धरून बसवलं. एकीने हातात घावण दिलं. तोवर बिरवाडी मागे पडली होती.

थोड्या वेळाने पिशवी आरवली.

समर्थांच्या घळीला निघालेल्या गाडीत कोंबडा! पोरांकडे सगळ्यांचे डोळे वळले. परतीच्या वाटेवर नदीकाठी त्यांचा काही बेत असणार, ही शंका होतीच. पोरांनी आयांच्या शपथा घेतल्या. तो माणूस घावण चावत खिडकीबाहेर बघत होता.

घळीत मात्र छान वाटलं. पावसाळ्यातला धबधबा आता बारीक धारेवर आला होता, आत गारवा आणि अंधार. समर्थांनी इथे बसून एवढा ग्रंथ कसा सांगितला, यावर अप्पांचं मत पडलं, की इथे गाडी येत नसणार, म्हणून. जेवणं झाली. चालकांना तीन डब्यांतून आग्रह झाला, त्यांनी साखर आहे असं सांगून पाहिलं, पण ‘थोडीशीच’ म्हणून खीर वाढलीच. खिडकीवाल्याने कोंबड्याला भात घातला.

परतताना बिरवाडी आली तेव्हा त्याने बेल ओढली नाही. चालकांपाशी जाऊन हळूच सांगितलं. गाडी थांबली. तेव्हा कुठे मास्तरांनी विचारलं, “आपण कुणाकडचे?” बहिणीकडे निघाला होता, सकाळी पोलादपूरला लाल गाडी दिसली म्हणून चढला. काचेवरची पाटी वाचली नाही. पाटी वाचून एसटीत बसायची सवय त्यालाही नव्हती. त्याने खिशातून पैसे काढले, तिकीट किती म्हणून. मास्तरांनी वही उघडली, बराच वेळ विचार केला आणि मिटली. वहिनींनी उरलेली घावणं आणि प्रसाद त्याच्या पिशवीत, कोंबड्याच्या वर ठेवला.

खाली उतरून तो दाराशी जरा घुटमळला.

“रोज असते का हो ही गाडी?”

अप्पांनी डबल बेल दिली.