आमची काही अपेक्षा नाही (पाच ग्रॅम सोडून)

तुळशीचं लग्न लागलं की नगरच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. पाथर्डी, शेवगाव, श्रीगोंदा, राहुरी, जिकडून तिकडून जीप भरभरून माणसं उतरतात. सकाळी कापड बाजारात बस्ता, दुपारी साखरपुड्याची अंगठी. पूर्वी या अंगठीच्या खरेदीला नवरा-नवरी लागत नसत. बोटाला गुंडाळून गाठ मारलेला दोरा मामाच्या खिशातून यायचा आणि काम व्हायचं. आता दोघंही येतात. येतात, बाकड्याच्या टोकाला बसतात आणि मोबाइल बघतात. अंगठी मुलाचा मामाच निवडतो.

निवडतो म्हणजे तळहातावर झेलतो. "हलकी वाटती," एवढंच म्हणतो. सराफ ती काट्यावर ठेवतो. चार ग्रॅम, वर एकशे वीस मिली. मामा मुलीच्या बापाकडे बघतो. मुलीचा बाप टोपी काढतो, डोक्यावरून हात फिरवतो, टोपी पुन्हा घालतो. "शेठ, पाचात दाखवा." झालं. कुणी काही मागितलं का? नाही. पोलीस बोलवा, पंचनामा करा, मागणीचा एक शब्द सापडायचा नाही. बैठकीत तर मुलाच्या वडिलांनी छातीवर हात ठेवून सांगितलेलं असतं, "पाव्हणं, आमची काही अपेक्षा नाही. तुमच्या हौसेनं काय ते करा." 2024 साली जिल्ह्याचं नाव बदललं. हुंड्याचं त्याच्या कितीतरी आधी बदललं होतं.

रीत अशी की मुलीची अंगठी मुलाकडच्यांनी घ्यायची, मुलाची मुलीकडच्यांनी. ऐकायला फिट्टंफाट. पण दोन्ही बिलं शेजारी ठेवून बघा. "पुरुषाचं बोट जाड, त्याला अंगठी जडच लागती," हे या बाजारातलं शास्त्र. बोटाच्या जाडीनं फार तर ग्रॅमभराचा फरक पडावा, इथं तिपटीचा पडतो. मुलीच्या वाट्याला येते नाजूक, 'डेली वेअर', पावणेदोन ग्रॅमची. आता गंमत बघा. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती 16 जून 2021 पासून सुरू झाली, आधी देशातल्या 256 जिल्ह्यांत. 1 एप्रिल 2023 पासून नगावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. मात्र दोन ग्रॅमच्या आतल्या नगाला या सक्तीतून सूट आहे. म्हणजे नवरदेवाच्या अंगठीवर बावीस कॅरेटचा 916 शिक्का आहे का, ते मामा भिंग मागून बघणार, भाचा बीआयएसच्या अ‍ॅपवर नंबर टाकून खात्री करणार. आणि सुनेची अंगठी गुलाबी कागदात गुंडाळून थेट पिशवीत. जावयाचं सोनं तपासून, सुनेचं विश्वासावर.

आता हिशेब आपल्या भाषेत करू. 2025-26 च्या हंगामाला उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550. तोळ्यानं लाखाचा आकडा 2025 च्या एप्रिलमध्येच पाहिला, पुढं तो कुठं गेला ते सांगून कुणाचं रक्त आटवत नाही. लाखच धरा. पाच ग्रॅमला पन्नास हजार. झाला चौदा टन ऊस. त्यातून तोडणी-वाहतूक कापली जाते, अंगठीवर मजुरी चढते, वर तीन टक्के जीएसटी. म्हणजे मुलीच्या बापाचा निम्मा एकर जावयाच्या एका बोटात जातो. उरलेल्या नऊ बोटांना अजून लग्न बघायचंय. एफआरपी चौदा दिवसांत द्यायची असा नियम आहे, तो कारखान्यासाठी. सराफाकडं नियम रोखीचा. सहकारी साखर कारखानदारी 1950 साली ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला उभी राहिली, तिथं साखरपुड्याला साखर लागते पाव किलो.

पण हा काटा नेहमी एकाच बाजूला झुकतो असं समजू नका. मुलगा हिंजवडीत असेल, पॅकेज सांगण्यासारखं असेल, तर पाच ग्रॅमची सात होते. झेडपीच्या शाळेवर कायम असेल तर सातावर चेन. चाकणला कंपनीत, पण ठेकेदाराकडं, तर तीन, त्यातही घासाघीस. आणि मुलगा शेती करत असेल तर सगळं उलटं फिरतं. वीस एकर बागायत, दारात दोन ट्रॅक्टर, आणि वय चौतीस. अशा घरची बैठक कधी बघा. तिथं मुलाची आईच सराफाला म्हणते, "मुलीची चांगली भरीव दाखवा, आमच्याला काही नको, त्याला मातीत काम, घालणार कधी?" या जिल्ह्यात कुठल्या धंद्याला काय भाव चाललाय, हे बाजार समितीच्या फळ्यावर कशाला बघायचं? दोन्ही अंगठ्यांच्या वजनातला फरक काढा, समजतं. आम्हाला तर हा फरक जातीच्या दाखल्यापेक्षा खरा वाटू लागलाय.

मधेच सावेडी उपनगराकडून हिरा आला. आता मुलगी इन्स्टावर बघून सांगते, सॉलिटेअर हवा. हिऱ्याला सोनं बावीसचं चालत नाही, मऊ पडतं, म्हणून कोंदण अठरा नाहीतर चौदा कॅरेटचं. चौदा ऐकून आजोबा ताडकन उठतात. 1963 च्या जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रणात चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी घातली होती, सोनारांच्या पेठा ओस पडल्या होत्या, ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्या चौदाला शिव्या घातल्या, आता तेच चौदा फॅशन म्हणून वर मजुरी देऊन घ्यायचं! मग मावशी विचारते, "खडा खरा का लॅबचा?" 2023 च्या जूनमध्ये पंतप्रधानांनी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला, तो लॅबचाच होता. व्हाइट हाउसला चालला. पारनेरच्या मावशीला चालत नाही. तिचा मुद्दा मात्र चोख आहे: "मोडायला नेला तर काय येतंय?" या प्रश्नाला अख्ख्या दुकानात कुणी सरळ उत्तर दिलं नाही. चहा मात्र आला.

2025 च्या मे महिन्यात पुण्यात हुंडाछळाचं हगवणे प्रकरण गाजलं. त्यानंतर मराठा समाजानं नगरला बैठक घेऊन लग्नाची आचारसंहिता केली. मोजकी माणसं, डीजे नको, प्री-वेडिंग नको. चांगलं केलं, मनापासून सांगतो. डीजे बंद झाला तर निदान कान वाचतील. पण डीजे ऐकू येतो, म्हणून बंद करता येतो. काट्यावरचे पाच ग्रॅम कुणाला ऐकू येणार?

कायद्याला तरी कुठं ऐकू येतात. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. घेणारा गुन्हेगार, तसा देणाराही. पण न मागता दिलेली, रीतीला धरून आणि ऐपतीत बसणारी भेट चालते, अट एवढीच की ती यादीवर चढवायची. 1985 च्या नियमात या यादीचं सगळं लिहून ठेवलंय. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, दिली कुणी, त्याचं नातं काय, खाली नवरा-नवरीच्या सह्या. नवरीची यादी नवरीनं ठेवायची, नवरदेवाची नवरदेवानं. आता यादी करणं आपल्याला नवीन नाही. बैठकीत वही उघडून आपण यादीच करतो, 'यादी पे शादी' करून त्याच मांडवात अक्षताही टाकून मोकळे होतो. फक्त आपल्या यादीत कुणी काय 'करायचं' ते असतं आणि सरकारच्या यादीत कुणाला काय मिळालं ते. पहिली यादी दोन्हीकडच्या मामांना तोंडपाठ असते. दुसरी एखाद्या घरात लिहून, सह्या करून ठेवली असेल तर दाखवा. पुढच्या आठवड्याचं सदर तुमच्या नावावर.

आणि मुलीच्या बापाला वाटतं, साखरपुडा पार पडला, सुटलो. त्यानं पंचांग बघितलेलं नसतं. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. धोंड्याचा महिना, जावयाला वाण देण्याचा. तेहतीस अनारसे, चांदीचं ताट, आणि अलीकडं ताटात हौसेनं ठेवलेली अजून एक अंगठी, कारण साखरपुड्यातली घट्ट होते. लग्नानंतर जावयाचं बोट सुजतंच. जावई म्हणतो, "कशाला उगीच, मामा." आणि हात पुढं करतो.